सेकंड क्लासचा क्रूस

कॅनडातल्या केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात नॉर्बर्ट बावीस वर्षं एकच काम करत आला होता. नव्या गाडीचं दार उघडायचं, लावायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज नीट आला की पुढची गाडी. त्यामुळे असेल, पण दार कसं लागलं यावरून माणसाच्या मनात काय आहे हे त्याला बरोबर कळायचं. बायकोने, नोराने, किचनचं कपाट एका ठरावीक सुरात लावलं की तो हळूच बेसमेंटमध्ये उतरायचा आणि तिथे काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखा दिसायचा.

इतका साधा माणूस, पण त्याच्या मनात एक काटा होता आणि तो दर मे महिन्यात दुखायचा.

वसईत मे आला की गल्लीच्या कोपऱ्यावरच्या क्रुसाला रंग लागतो, फुलांच्या माळा चढतात, संध्याकाळी सगळी आळी जमते आणि प्रार्थना होते. मग उकडलेले चणे वाटतात. तो क्रूस कोणाच्या बापाचा नसतो, रस्त्याचा असतो. त्याच्या गावी, भुईगावात, नॉर्बर्टचा बाप दरवर्षी तो क्रूस रंगवायचा आणि प्रार्थनेची पहिली ओळ उचलायचा, कारण त्याचा आवाज मोठा होता आणि लाज कमी. कॅनडात मात्र रस्त्यावर क्रूस नाही, गार्बेजचे डबे असतात. म्हणून इथल्या वसईकरांनी मेची प्रार्थना घरात आणली. घरात आणली की तिला मालक आलाच.

मालक म्हणजे डेस्मंड, नोराचा थोरला भाऊ. त्याचं घर ओकव्हिलला. त्या घराच्या एका खिडकीतून मान वाकडी केली तर तळं दिसतं, आणि प्रत्येक पाहुण्याने मान वाकडी करावी अशी डेस्मंडची अपेक्षा असते. गावच्या चर्चचं छप्पर बदललं तेव्हा निघालेल्या तुळईचा क्रूस त्याने विमानातून आणला होता. तुळईचं नाव काढलं की लोक गप्प होत. अकरा वर्षं प्रार्थना त्याच्याकडेच होत होती.

या अकरा वर्षांत नॉर्बर्टने काय केलं? पार्किंग. पहिल्याच वर्षी डेस्मंड म्हणाला होता की नॉर्बर्टला गाड्यांतलं कळतं, आणि त्याच्या हातात टॉर्च दिली होती. दुसऱ्या वर्षी नॉर्बर्टने कारखान्यातलं नारिंगी जॅकेट स्वतःच नेलं, ही त्याची चूक. तेव्हापासून तो गल्लीत उभा राहून वसईकरांच्या गाड्या मागे घेत होता. सगळ्यांत उशिरा येणारी गाडी लावून तो आत जाई तोवर प्रार्थना संपलेली असे आणि चण्यांच्या पातेल्यात पाणी उरलेलं असे. अकरा वर्षांत त्याने पहिली ओळ एकदाही ऐकली नव्हती. त्याला ती एकदा स्वतः म्हणायची होती. क्रुसाच्या शेजारी उभं राहून, बापासारखी, आणि डेस्मंडला मागे उभं करून. हे शेवटचं तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे, पण खरं तेच होतं.

एप्रिलच्या शेवटी, कचऱ्याची गाडी येते त्या गार्बेजच्या दिवशी सकाळी, तो तीन घरं पलीकडच्या मिसेस वेबरच्या दारावरून चालला होता. म्हातारी चौऱ्याऐंशी वर्षांची. घर विकून रिटायरमेंट होममध्ये जायची तयारी करत होती. फुटपाथच्या कडेला तिने एक खोका ठेवला होता आणि वर मार्करने ‘फ्री’ लिहिलं होतं. इथे ही रीतच आहे, नको असलेलं बाहेर ठेवायचं, लागेल तो नेतो. खोक्यात मफिनचे साचे, एक टोस्टर आणि एकाच पायाचा स्केट होता. एकाच पायाने कोण स्केटिंग करणार म्हणून नॉर्बर्टने तो उचलून पाहिला, तर टोस्टरखालून क्रूस डोकावत होता.

काळा, लोखंडी, कडेने चांदीची पट्टी. चारही हात सारखे, टोकांकडे रुंद होत गेलेले. जेमतेम दीड इंचाचा, वर अडकवायला कडी. क्रूस, आणि तो टोस्टरखाली, गार्बेजच्या दिवशी, फुकट. भुईगावचा कोणताही माणूस तिथे दुसरा विचार करूच शकला नसता. त्याने तो जॅकेटने पुसला, त्याचं चुंबन घेतलं, खिशात घातला आणि टोस्टरकडे रागाने पाहून घरी आला.

घरी त्याने भिंगातून पाहिलं. पुढच्या बाजूला मुकुट, मध्ये डब्ल्यू, खाली १९१४. मागे पुन्हा मुकुट, एफ डब्ल्यू अशी अक्षरं, झाडाची पानं आणि १८१३. नॉर्बर्ट खुर्चीत बसला. अठराशे तेरा. डेस्मंडची तुळई त्याच्यापुढे काल तोडलेली काठी होती.

माणसाला एखादी गोष्ट हवी असली की डोकं फार भरभर चालतं. संध्याकाळच्या जेवणापर्यंत नॉर्बर्टने सगळं जुळवलं होतं. एफ डब्ल्यू म्हणजे फादर वॉल्टर. हे फादर १८१३ साली ग्रँड नदीच्या काठाने चालत या भागात आले. गळ्यात हाच क्रूस, म्हणून तर कडी. नुसता डब्ल्यू म्हणजे वॉटर्लू, हा सगळा भाग. पानं म्हणजे जंगल. १९१४ साली भक्तांनी क्रुसाला चांदी चढवली. मुकुट म्हणजे अर्थातच स्वर्गाचा.

नोरा नर्सिंग होममध्ये काम करते. म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून तिला कोणती गोष्ट कुठे फाटेल हे आधीच कळतं. तिने फादर वॉल्टरचं आडनाव विचारलं. नॉर्बर्ट म्हणाला, त्या काळी फादरांना आडनाव लागत नसे. ती म्हणाली, “तुझ्या कारखान्यात एफ डब्ल्यू म्हणजे फ्रंट व्हील.” आणि तिने कपाट त्या ठरावीक सुरात लावलं.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं, पण स्टीव्हन आडवा आला. स्टीव्हन नॉर्बर्टच्याच लाइनवर काम करायचा, ठाण्याचा मुलगा. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. चौथ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने क्रुसाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी पास झाला. खरं तर त्या दिवशी परीक्षकाचा दात दुखत होता आणि त्याने गाडी ब्लॉकला एकच चक्कर मारून परत आणायला लावली, पण हा तपशील स्टीव्हनने वसईकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातला नाही. त्याने फक्त लिहिलं, फादर वॉल्टर पावले.

झालं. मिसिसागाच्या एका आंटीने गुडघ्यासाठी नवस बोलला. ब्रॅम्पटनच्या एकाने पीआरसाठी, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्यासाठी. कोणीतरी विचारलं की फादर वॉल्टरांना संत कधी करणार, त्यावर नॉर्बर्टने लिहून टाकलं की रोममध्ये कागद फिरताहेत.

आणि मग डेस्मंडचा फोन आला. या वर्षीची प्रार्थना नॉर्बर्टकडे व्हावी असं सगळ्यांचं म्हणणं पडतंय, असं तो म्हणाला. हे वाक्य बोलायला त्याला किती कष्ट पडले ते ओकव्हिलहून केंब्रिजपर्यंत ऐकू येत होतं. मग त्याने विचारलं, “तुझ्याकडे पार्किंग आहे का?”

“बघतो,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने बेसमेंटमध्ये जाऊन एकट्याने नाच केला. पन्नाशीच्या माणसाने करू नये असा तो नाच होता.

शनिवारची दुपार ठरली. चाळीस माणसं टाउनहाउसच्या हॉलमध्ये मावणार नव्हती, म्हणून गराज रिकामं केलं. मधोमध चार विंटर टायर एकावर एक रचले, त्यावर नोराची लेसची चादर, चादरीवर उपडी स्टीलची वाटी आणि वाटीला टेकून क्रूस. क्रूस एवढा लहान की वाटीच आधी दिसायची. नॉर्बर्ट लांब गेला, जवळ आला, डोळे बारीक करून पाहिलं आणि ट्युलिप थोडे मागे सरकवले.

गुरुवारी त्याची मुलगी बियांका ग्रुपवर टाकायला क्रुसाचा फोटो काढत होती. सोळा वर्षांची, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीतून देणारी. फोटो काढल्यावर तिच्या फोननेच सांगितलं की ही वस्तू काय आहे. ती हसली नाही, हे नॉर्बर्टला जास्त लागलं.

“डॅड,” ती म्हणाली, “इट्स अ वॉर मेडल. जर्मन. इट्स कॉल्ड द आयर्न क्रॉस.”

मग तिने सगळा इतिहास वाचून दाखवला. नेपोलियनशी लढायला निघालेल्या प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने १८१३ साली हे पदक काढलं. एफ डब्ल्यू हा तो राजा, फ्रीडरिश विल्हेल्म. पदकाच्या हुकुमावर तारीख घातली ती मेलेल्या राणीच्या वाढदिवसाची. तोवर मोठी पदकं मोठ्या लोकांची असत, हे मात्र सेनापतीलाही तेच आणि शिपायालाही तेच, शौर्यासाठी. सोनं नाही, रत्नं नाही, साधं लोखंड, कारण देशावर दिवसच लोखंडाचे आले होते. बायकांनी युद्धासाठी अंगावरचं सोनं दिलं आणि बदल्यात लोखंडी अंगठ्या घेतल्या. इथे नोरा भांडी घासायची थांबली. बायकांकडून सोनं काढून लोखंड देणारा तो राजा तिला एकदम थोर वाटला. असा माणूस तिने फक्त लग्न जमवताना पाहिला होता. पुढे दर मोठ्या युद्धात तेच पदक नव्या सालाने निघालं. १८७०, मग १९१४, मग १९३९, आणि त्या शेवटच्यावर हिटलरचं चिन्ह. हे १९१४चं होतं. डब्ल्यू म्हणजे तेव्हाचा जर्मन सम्राट, कैसर विल्हेल्म. पहिल्या महायुद्धात अशी लाखो वाटली होती.

“अँड धिस वन इज सेकंड क्लास,” बियांका म्हणाली.

“सेकंड क्लास?” नॉर्बर्ट म्हणाला.

युद्ध, राजा, कैसर, हे सगळं त्याने गिळलं होतं. सेकंड क्लास त्याला गिळवेना. फर्स्ट क्लास निघाला असता तरी काहीतरी म्हणता आलं असतं.

नोराचं म्हणणं एका वाक्यात होतं: चाळीस माणसं कैसरच्या बिल्ल्यापुढे गुडघे टेकणार, त्याआधी त्यांना सांग. नॉर्बर्ट म्हणाला, रविवारी सांगतो. नोरा म्हणाली, प्रार्थना शनिवारी आहे. नॉर्बर्ट म्हणाला, म्हणूनच. डोळ्यांपुढे त्याला नारिंगी जॅकेट दिसत होतं. शनिवारी हे बाहेर आलं तर मरेपर्यंत ते जॅकेट अंगातून उतरणार नव्हतं. डेस्मंड ते त्याच्या शवपेटीतसुद्धा घालेल.

शुक्रवारी तो मिसेस वेबरकडे गेला. हा क्रूस चुकूनमाकून एखाद्या चर्चमध्ये काही वर्षं टांगलेला असावा, एवढी तरी आशा त्याला होती. मिसेस वेबरने कॉफी दिली आणि त्याची आशा पहिल्या घोटातच संपवली. पदक तिच्या आजोबांचं होतं. ऑटो त्यांचं नाव, धंद्याने बेकर. युद्धात ते लढले नाहीत. फौजेच्या मागे पावाची गाडी हाकायचे. गाडीला घोडी होती, लीझल. एके दिवशी जवळ तोफेचा गोळा फुटला, लीझल बिचकली आणि गाडीसकट उधळली. उधळली ती नेमकी शत्रूच्या दिशेने. खंदकात शिपाई तीन दिवसांचे उपाशी. त्यांनी पाहिलं की सगळा पाव रशियनांकडे चाललाय. हुकूम नाही, बिगुल नाही, सगळी पलटण बोंबलत पावामागे धावली. रशियनांना वाटलं मोठा हल्ला आला, ते गाव सोडून पळाले. ऑटो गाडीत आडवे पडून रडत होते. अधिकाऱ्याने त्यांना ओढून बाहेर काढलं आणि म्हणाला, शाबास.

आजोबा सगळ्यांना सांगत राहिले की मी नाही, घोडीने केलं. अधिकाऱ्याला वाटलं, किती हा विनय. आठवड्याभरात पदक आलं. लीझलला गाजरही मिळालं नाही.

नॉर्बर्ट एवढा हसला की कॉफी टेबलावर सांडली. म्हातारीही हसली. मग तिने पुढचं सांगितलं आणि तेव्हा दोघांचं हसू गेलं. आजोबा युद्धानंतर इथे आले, शेजारच्या किचनरमध्ये बेकरी काढली. त्या शहराचं नाव पूर्वी बर्लिन होतं, युद्ध चालू असताना बदललं. जर्मन नाव कोणाला नको होतं, जर्मन माणूसही फारसा नको होता. दुसरं युद्ध लागलं तेव्हा आजीने पदक पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली लपवलं. आजी असेपर्यंत ते पुन्हा वर आलंच नाही. आजोबा गेले तेव्हाही शवपेटीवर ठेवलं नाही. मिसेस वेबरची मुलं म्हणत, आई, ते कोणाला दाखवू नकोस, लोकांना त्या दुसऱ्या माणसाचीच, हिटलरची, आठवण येते. कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. म्हणून टोस्टरखाली. कोणाच्या तरी घरी जाईल, एवढंच.

तुम्ही त्याचं काय केलं, असं तिने विचारलं. नॉर्बर्ट म्हणाला, उद्या आमच्याकडे थोडी माणसं जमणार आहेत. ती म्हणाली, मग मी येते. नको म्हणायचं कसं हे बावीस वर्षांत त्याला कारखान्याने शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, या.

शनिवारी गराजचं दार वर गेलं तेव्हा ऊन छान पडलं होतं आणि नॉर्बर्टचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. माणसं आली. पार्किंग बघायला या वर्षी कोणीच नव्हतं, त्यामुळे वसईकरांनी मन मानेल तशा गाड्या लावल्या. गल्लीत एक गाडी आडवी, एक तिरकी, एक अर्धी लॉनवर. गुडघेवाल्या आंटी पुढच्या खुर्चीत बसल्या. डेस्मंड सूट घालून आला, चष्मा वर केला, खाली केला आणि वाटीकडे पाहून म्हणाला की सुंदर आहे. मग त्याला क्रूस दिसला. “छोटा आहे,” तो म्हणाला.

नॉर्बर्टने ठरवलं होतं: आज गप्प. प्रार्थना म्हणायची, चणे वाटायचे, उद्या बघू. फादर वॉल्टरांना हळूहळू विसरता येईल. माणसं मोठमोठे फादर विसरतात.

मिसेस वेबर निळी हॅट घालून, काठी टेकत आली. तिने टायर पाहिले, लेस पाहिली, मेणबत्त्या पाहिल्या. मग ट्युलिपच्या मधोमध तिला ते दिसलं आणि ती तिथेच उभी राहिली. तिला वाटलं होतं, काचेच्या कपाटात वगैरे असेल. इथे चाळीस माणसं नीटनेटके कपडे घालून त्याच्याभोवती उभी होती आणि कोणी नाक मुरडत नव्हतं. ऐंशी वर्षांपूर्वी पिठात गेलेली वस्तू फुलांत बसली होती.

एवढ्यात स्टीव्हनने घोळ केला. ही बाई या भागातली जुनी, म्हणून त्याने तिला मोठ्या आदराने खुर्ची दिली आणि इंग्रजीत विचारलं की तुम्ही फादर वॉल्टरांबद्दल लहानपणी ऐकलं असेल ना. चाळीस माणसांचे कान तिकडे वळले. डेस्मंडचे सगळ्यांत आधी.

मिसेस वेबरने नॉर्बर्टकडे पाहिलं. त्याचा चेहरा त्या वेळी चण्याच्या पाण्यासारखा झाला होता. तिला सगळं कळलं असावं, कारण म्हातारी हुशार होती. ती हळूच म्हणाली, “फादर वॉल्टर. हो. माझे आजोबा त्यांच्याबद्दल...”

ती त्याच्यासाठी खोटं बोलणार होती. तिचे आजोबा जन्मभर खरं सांगत राहिले होते आणि आता त्यांच्याच तोंडी हे जाणार होतं. नॉर्बर्टने तेव्हाही गप्प राहायचंच ठरवलं होतं, हे इथे लिहून ठेवायला हवं. त्याने दात घट्ट आवळले होते. आणि तरी त्याच्या तोंडातून आवाज आला. बापाचा आवाज, मोठा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

“फादर वॉल्टर नाहीत,” तो म्हणाला. “मी बनवले.”

मग ते थांबेना, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. एफ डब्ल्यू राजाचा, डब्ल्यू कैसरचा, कागद रोममध्ये फिरत नाहीत, कुठेच फिरत नाहीत. हे लढाईचं पदक आहे. ते बेकरला मिळालं. बेकरला म्हणजे त्याच्या घोडीला. पाव, रशियन, पिठाचा डबा, टोस्टर, सगळं त्याने सांगून टाकलं, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी शेवटी म्हणाला, “आणि हे सेकंड क्लास आहे.”

डेस्मंडने चष्मा पुसला. एवढं समाधान त्याच्या चेहऱ्यावर नवं घर घेतलं तेव्हाही दिसलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला की असं होतं माणसाचं, आपण आता सगळे ओकव्हिलला जाऊ या, तुळई तिथे आहेच. स्टीव्हन कुजबुजला, मग माझं लायसन्स? गुडघेवाल्या आंटींनी गुडघा हलवून पाहिला. तो आधीइतकाच दुखत होता, पण त्या म्हणाल्या की सव्वा तास गाडीत बसून आल्यावर त्या आता कुठेही जाणार नाहीत.

तेव्हा किचनचं कपाट लागल्याचा आवाज आला. असा सूर नॉर्बर्टने कधी ऐकला नव्हता, त्यामुळे त्याला अर्थ कळेना. नोरा हॉलच्या भिंतीवरचा साधा लाकडी क्रूस काढून घेऊन आली, डॉलर शॉपमधला, मागे स्टिकर अजून तसंच. तिने तो वाटीला टेकून उभा केला आणि पदक त्याच्या पायाशी ठेवलं. मग मिसेस वेबरला विचारलं की तुमच्या आजोबांसाठी या पदकासमोर कधी कोणी प्रार्थना केली का. म्हातारीने मान हलवली. नाही.

“चणे उकडलेत,” नोरा भावाला म्हणाली, “मेणबत्त्या पेटल्यात. दादा, उभा राहा मागे. नॉर्बर्ट, सुरू कर.”

डेस्मंडने आजूबाजूला पाहिलं. कोणीच गाडीची किल्ली काढली नव्हती. तो मागे, लॉनमोअरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

नॉर्बर्टने पहिली ओळ उचलली. आवाज फाटला, मग लागला. त्याच्या बापाने भुईगावच्या कोपऱ्यावर म्हटली असती तशीच त्याने ती म्हटली, लाज थोडी जास्त एवढाच फरक. मागून चाळीस आवाज आले. त्याचे डोळे भरून आले आणि दुसरी ओळ तो विसरला. ती बियांकाने सांगितली, मराठीत.

शेवटी ज्याची त्याची मागणी म्हणायची असते. आजारी माणसांसाठी झाली, गुडघ्यासाठी झाली, पीआरसाठी झाली, ऑटो बेकरसाठी झाली, त्या दिवशी पळालेल्या रशियनांसाठीही कोणीतरी म्हटली. मिसेस वेबरने हात वर केला. तिला लीझलसाठी मागायचं होतं. नॉर्बर्टने घसा साफ केला आणि मराठीत म्हणाला, “लीझल नावाच्या घोडीसाठी आपण प्रार्थना करू या.”

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक,” सगळे म्हणाले. सवयीने म्हणाले, एका सुरात आणि तोंड सरळ ठेवून. मग आपण काय म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि पुढच्या रांगेतून सुरू झालेलं हसू मागे लॉनमोअरपर्यंत गेलं. डेस्मंडने ते दाबायचा प्रयत्न केला आणि त्याच्या नाकातून विचित्र आवाज निघाला.

चणे गरम होते. नॉर्बर्टने अकरा वर्षांत पहिल्यांदा गरम चणे खाल्ले. पुढच्या वर्षाचा विषय निघाला तेव्हा डेस्मंड म्हणाला की ओकव्हिलला जागा मोठी आहे. आंटींनी विचारलं, आणि लीझलची मागणी तिथे कोण म्हणणार? एवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागले. तिरक्या गाडीने आडवी अडवली होती आणि आडवीने डेस्मंडची. थोड्या वेळाने पाहिलं तर सूट घातलेला डेस्मंड गल्लीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता आणि ‘थोडं डावीकडे’ म्हणून ओरडत होता. त्याला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. बियांकाने घरातून नारिंगी जॅकेट आणून त्याच्या हातात दिलं.

मिसेस वेबर निघाली तेव्हा नॉर्बर्टने पदक रुमालात बांधून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, रुमाल उघडला, एकदा पाहिलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं. दर मे महिन्यात फुलांत ठेवा, म्हणाली. पिठात नको. मग त्याच्या दंडावर हात ठेवून तिने सांगितलं की आज त्याने जे केलं त्याला धैर्य लागतं, आणि हे पदक खरं तर त्यासाठीच असतं.

नॉर्बर्टला प्रामाणिक राहायचं होतं. त्याने पुन्हा दात आवळून पाहिले, मग मान हलवली.

“मी नाही केलं,” तो म्हणाला. “मी थांबवत होतो. ते आपोआपच उधळलं.”

म्हातारी एवढी हसली की तिची हॅट सरकली आणि तिला विंटर टायरवर बसावं लागलं.

“आजोबाही हेच म्हणायचे,” ती डोळे पुसत म्हणाली. “त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही.”